जगायला गेलेल्यांच्या चिंध्या

देवराम गेल्याचं मला जव्हारच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही उसाचा रस पिताना. पोशेऱ्याकडे जीप मारणारा एक ओळखीचा ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, तुमचा देवराम गेला.” मी विचारलं, “कुठल्या भट्टीवर?” हसू नका. आमच्या भागात भातं झोडून झाली, दिवाळी आटोपली की अर्धा पाडा बोचकी बांधून भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतो, आणि त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. कामाला नाही, कमवायला नाही... जगायला. त्यामुळे पौषात कुणी ‘गेला’ म्हटलं की पहिला अर्थ तोच डोक्यात येतो. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, “तसा नाय हो. वारला. नाशकाला दवाखान्यात.” आणि पहिल्यांदा मनात आलं ते काय, तर देवरामचा चेहरा नाही, त्याची बायको सोमी नाही... मनात आलं, अरे, आता ते सांगायचं राहिलंच की!

काय सांगायचं, ते आधीच सांगून टाकतो, कारण हा लेख वाचताना कुणाचा असा समज होऊ नये की मी मित्राचे गुण गायला बसलोय. माझ्या हातून एक चूक झाली होती. ती देवरामनं त्याच्या पाड्यासमोर आपल्या अंगावर घेतली. मी तिथं बसलो होतो आणि गप्प राहिलो. आठ वर्षं गप्प राहिलो. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या माणसांसमोर एकदा उभं राहून ‘हे माझं होतं’ एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढ्यानं त्याचं गेलेलं त्याला परत मिळालं असतं. दर वर्षी ठरवायचो. माणूस असा कसा असतो हो, की चार शब्दांसाठी आठ वर्षं मुहूर्त काढत बसतो?

मी ग्रामसेवक. खेड्यात ग्रामसेवकाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. हे नाव एकदा चिकटलं की निवृत्त झालं तरी सुटत नाही. मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला देवरामचा पाडा होता आणि तो माझ्या ग्रामपंचायतीत होता. जव्हारच्या शेतकरी घरातला मी, चार बुकं शिकलेला, तेव्हा अंगात थोडी मस्ती होतीच. पहिल्याच दिवशी देवराम मला म्हणाला, “भाऊसाहेब, तू जेवलास का?” मला राग आला. भाऊसाहेबही म्हणतो आणि तूही म्हणतो! नंतर कळलं की त्यांच्या बोलीत देवालाही तू, कलेक्टरलाही तू आणि बैलालाही तूच. त्या दिवशी त्यानं वरीचा भात आणि अळूचं फतफतं वाढलं आणि मी दोनदा मागून घेतलं. पाड्यावर जायला तेव्हा रस्ता नव्हता, दीड तासाची चढण. माझ्या आधीचे भाऊसाहेब खालूनच सह्या मागवून घ्यायचे म्हणे. मी वर जायचो. यात माझं कौतुक काही नाही, देवरामच्या घरचा भात खाली मिळत नव्हता एवढंच.

पाड्याच्या खाली धबधबा होता, आणि धबधब्याच्या तळाशी कोंड, म्हणजे खोल डोह. पावसाळ्यात नाशिक-मुंबईकडून गाड्या भरभरून माणसं यायची. भिजायची, नाचायची, आणि जाताना बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कागदी थाळ्या, पिशव्या, एका पायातली चप्पल असा सगळा प्रसाद मागे ठेवून जायची. एका पायातलीच का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पाऊस सरला की ती घाण कपारीत अडकून वर्षभर तशीच. पाड्यावरच्या लोकांना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. ती शहरी लोकांची वस्तू, शहरी लोक कधी तरी येऊन घेऊन जातील, असा त्यांचा साधा हिशेब.

आणि एका हिवाळ्यात खरंच कुणीतरी ती न्यायला आलं! आठ गोरी पोरं-पोरी. कुठल्याशा परदेशी मंडळाकडून आली होती, आधी महिनाभर समुद्रकिनाऱ्यावर कचरा वेचून आमच्या डोंगरात आलेली. वरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, यांच्याबरोबर तुम्ही राहायचं, इंग्रजी तुम्हाला येतं. माझं इंग्रजी जव्हारच्या हायस्कुलातलं, त्यांचं त्यांच्या देशाचं; मध्ये हातवारे. त्यांची म्होरकी क्लारा नावाची होती, उंच, उन्हानं नाक सोललेली, पण कामाला वाघ. सकाळी सात वाजता हातमोजे घालून कोंडावर हजर. शाळेच्या खोलीत झोपायची, नाचणीची भाकरी खायची, कुरकुर नाही. पाड्यावर तेव्हा म्हातारी माणसंच उरलेली. ती काठावर बसून हा तमाशा बघायची. रावजी नावाचा पाड्यातला वडीलधारा माणूस, तो मला म्हणाला, “यांच्या देशातला कचरा सरला काय रं?” देवराम मात्र हसला नाही. बराच वेळ बघत राहून त्यानं विचारलं, “भाऊसाहेब, ही पोरं कुणाचा नवस फेडतात?” मी म्हटलं, नवस नाही रे, हौस. तो म्हणाला, “नाय. हौसेला माणूस इतका वाकत नाय.” आणि दुसऱ्या दिवसापासून तोही त्यांच्याबरोबर वाकून बाटल्या उचलायला लागला. क्लारा त्याला ‘देव’ म्हणायची. पाड्यावरच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता ती चूक. समुद्रावर त्या पोरांचं काम सोपं होतं, वाळू सोडून जे दिसेल ते उचलायचं. इथं तसं नव्हतं. कोंडाच्या काठाला वाघोबाचा दगड, फुटक्या नारळाच्या करवंट्या, कोंबडीची पिसं, मातीचे दिवे. देवरामनं मला पहिल्याच दिवशी बजावलं, “मना इचारल्याबगर कायपन उचलू नको.” मी मान डोलावली. पण मला वाटलं, प्रत्येक करवंटीला देवरामला कुठं हाक मारत बसायचं? म्हणून मी एक नियमच करून टाकला. सरकारी माणसाला नियम केल्याशिवाय झोप येत नाही. क्लाराला सांगितलं, शेंदूर दिसला तर देव, शेंदूर नसेल तर कचरा. तिला तो फार आवडला. आठही जणांनी पाठ केला.

कोंडावरून पाड्याकडे चढणारी जी पायवाट आहे, तिच्या वळणावर करंजाचं एक जुनं झाड आहे. जगायला जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबायचा. अंगावरच्या जुन्या कपड्याची चिंधी फाडायची आणि ती फांदीला बांधायची. म्हणजे जीव इथं राहतो, नुसतं अंग जातं. होळीला परत आलं की ज्याची त्यानं आपली चिंधी सोडून घ्यायची. बांधायची मात्र स्वतः नाही, आणि घरच्या माणसानंही नाही, दुसऱ्या घरच्या हातानं. त्या पाड्यावर तो हात देवरामचा होता. कुणी नेमला नव्हता त्याला. त्याच्या आधी त्याचा चुलता बांधायचा, चुलत्यानंतर लोक आपसूक देवरामकडे चिंधी द्यायला लागले. दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस तो पहाटेपासून त्या झाडाखाली बसायचा. लहान लेकराची चिंधी बांधताना त्याचं नाव तीनदा विचारायचा. त्याला जमीन नव्हती म्हणण्याइतकी, घर कुडाचं, पण त्या आठ दिवसांत त्याची ऐट बघावी! हे सगळं मला माहीत होतं. निदान ऐकलेलं होतं. एकदा त्या झाडाजवळून जाताना मी विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, “जगायला गेलेल्यांच्या चिंध्या.” मी “असं होय,” म्हणून पुढं गेलो होतो. ऐकणं आणि कानावर पडणं यात फरक असतो, तो मला फार महागात कळला.

शेवटच्या दिवशी वरचे साहेब बघायला येणार होते. मी सकाळपासून फलक बांधा, चहाचं बघा, खुर्च्या कोण चढवणार, या धावपळीत. देवराम साहेबांना वाट दाखवायला खाली गेलेला. अशा वेळी क्लारा माझ्याजवळ आली. हे मला इथं मुद्दाम लिहायचंय... ती विचारायला आली होती. शेंदूर नाही म्हणून तिनं परस्पर हात घातला नाही. म्हणाली, वळणावरच्या झाडाला खूप चिंध्या आहेत, शेंदूर नाही, पण गाठी मारलेल्या आहेत, कुणाच्या आहेत? मी फलकाची दोरी ओढत म्हणालो, इथून गेलेल्या लोकांच्या. ‘जगायला गेलेले’ याचं इंग्रजी मला त्या घाईत तेवढंच सुचलं : जे दुसरीकडे राहायला गेले ते. तिनं पुन्हा विचारलं, म्हणजे त्यांना आता नकोत? मी म्हणालो, नकोत, नकोत. एवढंच. देवराम अर्ध्या तासात वर येणार होता. मी ‘थांब, त्याला विचारू’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? साहेबांचा चहा निवला असता.

साहेब आले, फोटो निघाले. गोळा केलेला कचरा खड्ड्यात टाकून पेटवला, तेव्हा तशीच पद्धत होती. देवराम साहेबांच्या मागून चढून आला तो वळणावर थांबला. मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं झाडाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं आणि मला विचारलं, “भाऊसाहेब, चिंध्या?” मी म्हटलं, “त्या... कचऱ्यात गेल्या रे.” तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. सरळ खड्ड्याशी गेला आणि काठीनं राख ढवळत राहिला. साहेबांनी विचारलं, हा काय करतोय? मी सांगितलं, आग नीट विझली का बघतोय. अहो, किती सफाईनं बोललो मी! क्लाराला मात्र काहीतरी जाणवलं. खाली उतरून जीपमध्ये बसायच्या आधी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, माझं काही चुकलं का? मी म्हणालो, नाही नाही, फार चांगलं काम झालं. ती आनंदानं गेली. पुढं तिनं एक फोटोही पाठवला, स्वच्छ करंजाखाली देवराम उभा. तो मी देवरामला कधी दाखवला नाही.

होळीला लोक परत आले आणि आपापली चिंधी सोडायला झाडाशी गेले. झाड मोकळं. त्या वर्षी तीन घरं होळीला आलीच नाहीत. दोन पावसाच्या तोंडावर आली, एक कधीच आलं नाही. चिंधीमुळे माणूस परत येतो असं मी मानत नाही. भट्टीचा मालक सोडतो तेव्हा माणूस परत येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण पाडा माझ्या मानण्यावर चालत नव्हता. सगळे रावजीच्या अंगणात बसले. मलाही बोलावलं होतं. रावजीनं विचारलं, “गोऱ्या पोरांना चिंध्या काढायला कुणी सांगलं?” मी बोलणार होतो, खरंच बोलणार होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. देवरामनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “मी सांगलं. मना वाटलं, जुन्या हायेत.” एका म्हातारीनं तेवढं “तूच?” म्हटलं. परतताना वाटेत मी त्याला म्हणालो, “अरे, असं का केलंस?” तर म्हणाला, “तुझं नाव घेतलं असतं तर तुला हितं येऊ दिला नसता. दुसरा भाऊसाहेब वर चढत नाय.” पाड्याच्या विहिरीच्या मंजुरीचा कागद तेव्हा माझ्याकडे होता. विहीर झाली पुढच्या वर्षी. त्या विहिरीचं पाणी मी कितीदा प्यायलो असेन.

त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही कुणी. लग्नाला बोलावत, तारपा वाजला की तो नाचायला असायचा, रावजी त्याच्या शेजारी बसून विडी ओढायचा. फक्त पुढच्या दिवाळीनंतर तो पहाटे करंजाखाली जाऊन बसला आणि कुणी त्याच्या हातात चिंधी दिली नाही. माणसं आली, रावजीच्या हातानं बांधून घेतली आणि “येतो रं देवराम” म्हणून उतरली. तो तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी गेला नाही. हे मला सोमीनं सांगितलं, त्यानं कधी विषय काढला नाही. मी गेलो की तोच भात, तीच थट्टा. “भाऊसाहेब, तुझं पोट सरकारी झालं,” म्हणायचा. मी हसायचो, आणि उतरताना वळण आलं की मान खाली घालायचो. त्यानं एकदा जरी टोमणा मारला असता तरी मला बरं वाटलं असतं. पुढं बदली झाली, मग निवृत्ती. वर्षातून एक फेरी व्हायची, तीही कमी होत गेली. लोकांना सांगतो, कामं होती. खोटं आहे, भीती होती.

खरं तर तो जायच्या आठ दिवस आधी मला निरोप आला होता. बाजाराला आलेला कुणी सांगून गेला, देवरामचा डावा हात हलत नाही, तुम्हाला बोलावलंय. मला वाटलं, आता हा शेवटचं ते माझ्याकडून वदवून घेणार. चार माणसांत बसवून म्हणणार, सांग भाऊसाहेब. आणि मी, साठीला आलेला माणूस, संक्रांत झाली की जातो म्हणून घरी बसून राहिलो. जीप माझ्या दारावरून जात होती.

त्याच्या दिवसांचं कार्य होळीनंतर केलं, सगळे परत आल्यावर. मी गेलो. आता पाड्यापर्यंत रस्ता झालाय, करंजाच्या वळणावरूनच जातो. रावजीच्या त्याच अंगणात माणसं बसली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. गोऱ्या बाईनं मला विचारलं होतं, मीच काढा म्हणालो, देवराम तेव्हा तिथं नव्हताच... सगळं. वाटलं होतं, कुणी ओरडेल, कुणी निदान ‘जाऊ दे’ म्हणेल. सोमी उठली, “ये,” म्हणाली आणि चालू लागली. रावजी काठी टेकत मागून आला. करंजापाशी ती थांबली. फांद्या मोकळ्या होत्या, आलेल्यांनी आपापल्या चिंध्या सोडून नेल्या होत्या. खालच्या फांदीला एक होती, पंच्याची.

सोमी म्हणाली, “नाशकाला नेत होते तवा गाडी हितं थांबवाया लावली. म्हनला, माझी बांधा. आठ दिस तुझीच वाट बघत होता. म्हनायचा, भाऊसाहेब येल, तो बांधील, त्याला कुणी आडवायचं नाय. तू नाय आलास. मी घरची, माझा हात चालत नाय.” मग तिनं रावजीकडे पाहिलं. “मी हुतो हितं,” तो म्हणाला. “पन ज्यानं समद्यांच्या जाळल्या त्याची मी कशाला बांधू, असं आलं मनात. मग त्यानंच बांधली. एक हात मेलेला. एका हातानं धरली न दातानं गाठ वढली.” त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“तवा बोलला असतास, तर मी बांधली असती रं.”

ती चिंधी कुणी सोडणार नाही. ज्याची त्यानंच सोडायची असते. करंजावर आता तेवढी एकच आहे. बाकीचे सगळे परत आलेत.